नवी बॅटरी घातली तरी गाडी पुन्हा बसते? आणखी एक विकत घ्यायच्या आधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. गाडी दोन-तीन दिवस दारात उभी राहिली की सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक् टक्’. मीटरमधले दिवे मंद होतात, सेल्फ उचलत नाही. शेजारच्या गाडीवरून जंप दिला की एका झटक्यात सुरू होते आणि दिवसभर काही कुरकूर नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘बॅटरी गेली ओ, बदलून टाका.’ बदलली जाते. महिनाभर बरं चालतं आणि मग पुन्हा एका सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला तेच.

या दुखण्यात बॅटरी बहुतेक वेळा मार खाणारी असते, मारणारा दुसराच असतो. म्हणून घरच्या घरी बॅटरी कशी बदलायची हे खाली सांगितलंच आहे, पण ते शेवटी. आधी दोष बॅटरीचा की गाडीचा, एवढं ठरवून घ्या. त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर, दहा नंबरचा पाना आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते.

आपल्याकडे हे एवढं का होतं, तर गाडी वापरायच्या पद्धतीमुळं. कोल्हापुरात आठवडाभर कामाला दुचाकी आणि चारचाकी रविवारी जोतिबा-पन्हाळ्याला, नाहीतर जोराचा पाऊस असला तर. मधल्या दिवसांत फिरली तरी राजारामपुरीतून महाद्वार रोड, तिथून रंकाळा आणि परत. सगळी मिळून वीस मिनिटं. लोक म्हणतात की सेल्फ मारताना बॅटरी खाल्ली जाते आणि छोट्या फेरीत ती भरून निघत नाही. हे अर्धंच खरं आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ दीडशे अँपिअर घेतो असं धरलं आणि गाडी तीन सेकंदांत सुरू झाली, तर खर्च होतो सव्वाशे मिलिअँपिअर-अवर. म्हणजे काहीच नाही, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) ते पाच मिनिटांत परत देतो. खरी खोट येते ती उभ्या उभ्या. लॉक केलेल्या गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कंप्युटरची मेमरी जागी असते. चांगल्या स्थितीतली गाडी झोपेत २० ते ५० मिलिअँपिअर घेते. ३० धरले तरी दिवसाला पाऊण अँपिअर-अवर झालं, आणि दहा दिवसांत ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा गेला. तो भरायला अशी वीस मिनिटांची फेरी पुरत नाही, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरी शेवटचा वीस टक्के चार्ज फार सावकाश घेते. त्याला तास लागतात. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि मग ते चार्जिंगनंही नीट सुटत नाही. नवी कोरी बॅटरी एका पावसाळ्यात म्हातारी होते ती अशी.

यूट्यूबवर थंडीमुळं बॅटरी मरते असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ते बर्फाच्या देशातल्या लोकांसाठी आहेत. आपल्या थंडीनं काही बिघडत नाही. इथं बॅटरी झिजते एप्रिल-मेच्या उन्हात, बॉनेटखालच्या भट्टीत. जून उजाडला की हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर सगळं एकदम चालू होतं, आणि उन्हाळ्यात आतून खचलेली बॅटरी पहिल्या मोठ्या पावसात हात वर करते. नाव पावसाचं होतं.

आधी ही एक रात्र काढा

कुठल्याही निदानाच्या आधी मी ही चाचणी करायला सांगतो, कारण हिच्याइतका स्पष्ट निकाल दुसरी कुठलीच देत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करा. घरी चार्जर असेल तर उत्तम, नसेल तर बॅटरीच्या दुकानात रात्रभर चार्जिंगला लावून मिळते. ३५ अँपिअर-अवरला साडेतीन-चार अँपिअरचा करंट योग्य, म्हणजे क्षमतेचा दहावा हिस्सा. ‘तासाभरात मारून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. त्यानं व्होल्ट वर दिसतात, आत चार्ज उतरत नाही आणि बॅटरी तापते ते वेगळंच.

चार्ज झालेली बॅटरी गाडीत ठेवा, पण मायनसची केबल सुटी ठेवा. तिला कापड गुंडाळा म्हणजे परत पोस्टला (बॅटरीवरच्या शिशाच्या खुंटाला) टेकणार नाही. सकाळी मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून थेट दोन्ही पोस्टवर लावा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ च्या खाली रिकामीच समजा. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेलेला आहे, कारण एकेक सेल दोन-सव्वादोन व्होल्टचा. अशा बॅटरीवर पुढे वेळ घालवू नका.

सुटी ठेवलेली बॅटरी सकाळी १२.४ च्या खाली आली तर दोष तिचाच. पण सुटी असताना १२.६ टिकवून धरते आणि गाडीला जोडून तशीच एक-दोन रात्री ठेवली की घसरते, तर दोष गाडीत आहे. तिथं नवी बॅटरी घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका. तेव्हा १३ च्या आसपास आकडा दिसतो, तो वरवरचा असतो. रात्रभर थांबणं जमत नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग मोजा.

जोडीला आणखी एक आकडा घ्या. मीटर पोस्टवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना व्होल्ट ९.६ च्या खाली जायला नकोत. भरलेली बॅटरी सात-आठवर आपटत असेल तर व्होल्ट आहेत पण ताकद नाही. दुकानातला लोड टेस्टर हेच दाखवतो, फक्त कागदावर छापून.

टर्मिनल

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची हॅचबॅक अशीच हैराण करत होती. ‘बॅटरीच डुप्लिकेट दिली ओ मला,’ असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचे. बॉनेट उघडलं तर वरून सगळं चकचकीत. प्लसच्या क्लॅम्पचा (पोस्टवर बसणाऱ्या केबलच्या पकडीचा) नट आवळलेला, पाना बसत होता, पुढं फिरत नव्हता. पण क्लॅम्प चिमटीत धरून पिळला तर पोस्टभोवती गोल फिरला. नट पूर्ण आवळलेला आणि क्लॅम्प तरीही सैल!

मीटरची लाल पिन पोस्टच्या मधोमध शिशावर टेकवली, काळी क्लॅम्पच्या लोखंडावर, आणि काकांना सेल्फ मारायला लावला. दोन्हींत बोटभरही अंतर नाही, तिथं ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट दिसावेत. दिसले दीड. म्हणजे सेल्फला जायच्या आधी दीड व्होल्ट त्या सांध्यातच जळत होते, आणि चार्जिंगच्या वेळी उलट्या दिशेनंही तेच. बॅटरी कधी पुरती भरलीच जात नव्हती.

कारण साधं होतं. जपानी पद्धतीच्या बॅटऱ्यांत पोस्ट दोन जाडीच्या येतात. ४६बी२४एल आणि ४६बी२४एलएस या दिसायला एकसारख्या, पण पहिलीची पोस्ट बारीक आणि दुसरीची जाड. काकांच्या गाडीचे क्लॅम्प जाड पोस्टचे, आणि दुकानातून आलेली बॅटरी बारीक पोस्टची. बसवणाऱ्या पोरानं वेळ मारून न्यायला मध्ये पत्र्याची पट्टी घातलेली, ती पहिल्या खड्ड्यांत सरकली. आपल्याकडे खड्ड्यांची कमतरता नाही. अशा ठिकाणी पोस्टवर चढवायची शिशाची बुशी मिळते ती घाला, नाहीतर योग्य पोस्टची बॅटरी बदलून मागा. पत्रा, तार, खिळा नको.

पांढरट-निळसर पूड जमलेली असेल तर ती झटकून भागत नाही. क्लॅम्प काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासा. फेस यायचा थांबला की अ‍ॅसिड संपलं. साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा. क्लॅम्पची आतली बाजू आणि पोस्ट बारीक पॉलिश पेपरनं चमकवा. पेट्रोलियम जेली घट्ट आवळून झाल्यावर वरून लावायची, आधी आत भरायची नाही. सोड्याचं पाणी झाकणातून बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

दुसरं टोक विसरलं जातं ते अर्थिंगचं. मायनसची केबल बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथं बोल्टनं धरलेली असते तिथं गंज चढतो. घाटात चिखल उडतो, कोकणात जाऊन-येऊन खारा दमट वारा लागतो. तिथंही तीच चाचणी करा. एक पिन बॅटरीच्या मायनस पोस्टवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ च्या वर गेलं तर ते बोल्ट काढून घासा.

अल्टरनेटर भरतोय का

गाडी चालू करा आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर, डीफॉगर सगळं लावून जरा रेस द्या. तरीही १३.५ च्या वर राहिलं पाहिजे. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवायला कंप्युटर अल्टरनेटरला मुद्दाम कमी चार्ज करायला लावतो, तिथं मधूनच १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. हेडलाइट लावून पुन्हा पाहा. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय. बॅटरी उकळते आणि बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो. पावसात सकाळी सुरू करताना चिरकल्यासारखा आवाज येत असेल तर आधी बेल्ट बघा.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर मोजलं आणि अर्ध्या व्होल्टच्या वर आलं, तर अल्टरनेटरच्या डायोडवर (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) संशय घ्या. तो फुटका डायोड दिवसा चार्जिंग अर्धवट ठेवतो आणि रात्री गुपचूप बॅटरी रिकामी करतो. अल्टरनेटरची जाड केबल फ्यूज बॉक्समधल्या साध्या फ्यूजमधून जात नाही, त्यामुळं फ्यूज काढून शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. चालू गाडीची टर्मिनल काढून ‘बंद नाही पडली, म्हणजे अल्टरनेटर ओके’ असं दाखवणारे मिस्त्री अजून आहेत. जुन्या अँबॅसिडर-जीपला ते चालून गेलं. आजच्या गाडीत बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचे व्होल्ट क्षणभर उसळतात, आणि ईसीएम नावाचा जो इंजिनच्या कंप्युटरचा डबा आहे त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते. कुणी हात घालू लागला तर सरळ थांबवा.

रात्री कोण खातंय

इथं खरा वेळ जातो आणि बहुतेक गाड्यांचं गुपित इथंच सापडतं.

मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि डायल डीसी अँपिअरवर ठेवा. किल्ली काढून घरात नेऊन ठेवा, खरंच लांब. बटण-स्टार्टच्या गाडीची किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर असली तर गाडी रात्रभर तिच्याशी बोलत बसते. ज्या दारातून फ्यूज बॉक्स गाठायचा ते दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. बॉनेटला स्विच असेल तर तोही. (नंतर दार आपटायच्या आधी हँडल ओढून लॅच मोकळं करा, नाहीतर ते वाकतं.) आता मायनसचा क्लॅम्प सैल करा, मीटरची एक पिन पोस्टला आणि दुसरी क्लॅम्पला घट्ट धरून क्लॅम्प हळूच वर उचला. वाट न तोडता करंट मीटरमधून वळला पाहिजे. तुटला तर गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे कंप्युटर) जागे होतात. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करायची नाही, इग्निशन लावायचं नाही, मीटरचा फ्यूज, नाहीतर मीटरच, त्याच क्षणी जाईल.

आणि थांबा. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसतील, ते उतरत जातील. नव्या गाड्यांना पूर्ण झोपायला अर्धा-पाऊण तास लागतो. ज्यांना हे माहीत नसतं ते पाचव्या मिनिटाला ‘एवढा करंट!’ म्हणून वायरिंग उचकायला लागतात. पाऊण तासानं आकडा ०.०५ च्या आत आला तर गाडी ठीक आहे. ०.१ च्या वर अडून बसला तर कुणीतरी जागं आहे.

आता एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते पाहा. याहून चांगली रीत म्हणजे फ्यूज काढायचाच नाही. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात, त्यावर मीटर मिलिव्होल्टमध्ये लावायचा. शून्य म्हणजे त्यातून करंट नाही. त्यासाठी मीटर आधी सर्किटमधून काढावा लागतो, म्हणून क्लॅम्प परत लावून गाडीला पुन्हा झोपू द्या. डीसी क्लॅम्प मीटर (वायर न सोडता बाहेरूनच करंट मोजणारा) असलेला मित्र असेल तर त्याला चहा पाजा, हे सगळं काम निम्म्यावर येतं.

नागाळा पार्कातल्या आमच्या एका नात्यातल्या ताईंच्या सेडानला झोपेत सहाशे मिलिअँपिअर जात होते. दिवसाला साडेचौदा अँपिअर-अवर. तिसऱ्या सकाळी कुठली गाडी उठते? आतल्या फ्यूज बॉक्समधला ऑडिओचा फ्यूज उपसला आणि आकडा ०.६ वरून ०.०३ वर. मूळचा स्टिरिओ काढून मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड बसवलेला होता. अशा स्टिरिओला पिवळी वायर कायम करंटची आणि लाल वायर किल्लीनंतरच्या करंटची लागते. बसवणाऱ्यानं दोन्ही एकत्र पिळून कायम करंटला टेप मारून टाकलेल्या. स्क्रीन काळी पडायची, त्यामुळं बंद झाल्यासारखी दिसायची, आत सगळं चालू. लाल वायर इग्निशनच्या लाइनवर हलवली, वीस मिनिटांचं काम. ताई म्हणाल्या, ‘आता रिव्हर्स कॅमेऱ्याचा पण असाच काढा ओ कोण ते.’ कॅमेरा मात्र नीट जोडलेला होता.

नेहमीचे बाकी संशयित सांगतो. डिकीतला दिवा: स्विच मोडला की तो बंद डिकीत जळत राहतो. पाच वॅटचा बल्ब म्हणजे चारशे मिलिअँपिअर, दिवसाला दहा अँपिअर-अवर. मोबाइल व्हिडिओवर लावून डिकीत ठेवा आणि झाकण लावा, लगेच कळतं. ग्लोव्ह बॉक्सचंही तसंच. पार्किंग मोडवर ठेवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग, चिकटलेला रिले (करंटनं चालू-बंद होणारा स्विच). घरामागं उसाचं रान असेल तर तोडणीनंतर उंदीर बॉनेटखाली येतात आणि त्यांना वायरीचं आवरण आवडतं. तिथं कुरतडलेली वायर बॉडीला टेकलेली सापडली की शोध संपला.

आणि पुराचं पाणी लागलेली गाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्गसुद्धा बंद पडला होता, गल्लीबोळातल्या गाड्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. सीटखाली, पायाशी, खांबांच्या मुळाशी असलेल्या कनेक्टरांत शिरलेला गाळ वर्षांनी हिरवा होऊन करंट गळवतो. जुनी गाडी घेतली असेल आणि गळती कुठल्याच एका फ्यूजवर नीट पकडता येत नसेल, तर कार्पेट उचलून पाहा. गाळाची रेघ कळते. अशा गाडीची वायरिंग घरी सोडवायच्या भानगडीत पडू नका, उद्यमनगरात चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन गाठा आणि मोजलेले आकडे त्याच्या हातात द्या. पुढच्या वेळी पाणी चढायची शक्यता दिसली की गाडी उंचावर न्या आणि मायनस सोडून ठेवा.

बॅटरीच गेली असेल तर

एवढं करून दोष बॅटरीचाच निघाला, किंवा गाडीचा दोष काढला पण तोवर बॅटरी खचून गेली, तर बदला. आपल्या हवेत तीन ते पाच वर्षं चालली तर तिनं आपलं काम केलं.

घेताना जुन्या बॅटरीवरचा पूर्ण कोड लिहून न्या, नुसतं ‘स्विफ्टची द्या’ नको. ३८बी२०एल मध्ये बी म्हणजे रुंदी-उंचीचा साचा, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे पोस्टची बाजू. बाजू उलटी आली तर केबल पुरत नाही, आणि ओढून पुरवली तर उलटी जोडली जायची भीती. ट्रेमध्ये बसत असेल तर पाच अँपिअर-अवर जास्त चालतात, कमी नको. सिग्नलला आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉप गाडी असेल तर तिच्यात ईएफबी किंवा एजीएम (वारंवार सेल्फ मारणं झेलणारी खास बनावटीची) बॅटरी असते, तिथं स्वस्तातली साधी घातली तर वर्षात बसेल. काही युरोपियन गाड्यांना नवी बॅटरी स्कॅनरनं नोंदवून द्यावी लागते, ते काम घरी करू नका. उत्पादनाचा महिना बघा, सहा महिन्यांहून जुना माल घेऊ नका, आणि काउंटरवरच मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. दुकानदार जरा तोंड वाकडं करेल, करू दे.

बदलताना सगळं क्रमात आहे. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढा. गाडी बंद, किल्ली खिशात, डिकी आणि एक काच उघडी, कारण करंट परत आल्यावर काही गाड्या स्वतःच लॉक होतात. स्टिरिओला कोड असेल तर तो हाताशी ठेवा. जुन्या जोडणीचा फोटो काढा. पाच मिनिटं थांबा.

पहिल्यांदा मायनस सुटतो, नंतर प्लस. लावताना उलटं, प्लस आधी आणि मायनस शेवटी. यामागं अंधश्रद्धा नाही. अख्खी बॉडी मायनस आहे. मायनस लागलेला असताना प्लसवरचा पाना चुकून बॉनेटच्या पत्र्याला टेकला की शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात, पाना लाल होतो आणि जवळ हायड्रोजन साठलेला असेल तर बॅटरी फुटते. मायनस आधी काढला की तोच पाना टेकला तरी काही होत नाही. मायनसच्या क्लॅम्पवर छोटा काळा सेन्सर बसवलेला असेल तर क्लॅम्प पक्कडीनं ओढू नका, नट पूर्ण सैल करून सरळ वर घ्या.

मग बॅटरी धरणारी पट्टी. तळाशी तिचा एकच बोल्ट असतो आणि तो गंजलेला असतो, आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी नऊ-दहा किलो भरते, डिझेलची बरीच जास्त, तेव्हा वाकून एका हातानं ओढू नका. ट्रे धुवा, वाळवा, नवी ठेवा, पट्टी आधी आवळा. हलणारी बॅटरी आतून प्लेटा तोडून घेते, गगनबावड्याच्या रस्त्यावर एक फेरी बास. शेवटी क्लॅम्प. हातानं पिळून फिरतोय का पाहा.

सुरू केल्यावर घड्याळ गेलेलं असेल, काच एका दाबात वर जाणार नाही, आयडलिंग थोडा वेळ वेडंवाकडं होईल. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की बहुतेक गाड्यांत ती शिकते. स्टिअरिंगचा दिवा लागला तर एकदा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. त्याच बैठकीत चालू गाडीचे व्होल्ट मोजून वहीत लिहा, आणि दोन दिवसांनी उभ्या गाडीचे.

मध्येच कुठं अडकलात आणि जंप द्यायची वेळ आली तर लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्याच्या प्लसला. काळी चांगल्याच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. धक्का मारून सुरू करायचं म्हणाल तर ऑटोमॅटिकला चालत नाही, आणि बॅटरी पार रिकामी असेल तर उतारावरून सोडली तरी इंधन पंपाला करंट नसतो. चार माणसं घामाघूम होतात, गाडी तशीच.

पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर मायनस सोडून जा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. अ‍ॅसिड गटारात ओतून शिसं नेणारे आहेत, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणं ती विक्रेत्यामार्फत नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवी. दुकानदार तिची किंमत नव्यातून वजा करतो, तेवढी घासाघीस करून घ्या. वॉरंटीत असेल तर कार्डावर तारखेचा शिक्का आणि बिल लागतं. बॅटरीवरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकच आहे का, हे नवी घेतानाच ताडून पाहा. नेताना उभीच न्या. स्कूटरवर पायाशी आडवी टाकून नेली तर झाकणातून थेंब झिरपतात. त्या दिवशी काही दिसत नाही, पॅन्ट पहिल्यांदा धुतली की गुडघ्याखाली भोकं पडलेली सापडतात.